व्हयचं बटण

माझ्या दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक एकच वाक्य घेऊन येतं: आम्ही काहीच केलं नाही, आपोआप झालं. वसमतच्या बस स्टँडसमोर माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि हे वाक्य ऐकून माझे कान किटलेत. कीबोर्डमधून चहा गळत असतो, स्क्रीनवर लेकराच्या बॅटीचा व्रण असतो, तरी आपोआप. माझ्यामुळं बिघडलं असं कबूल करणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता. लक्ष्मीबाईंनी पण पिशवीतून लॅपटॉप काढून काउंटरवर ठेवला तो हेच म्हणत.

"आमी काईच केलं न्हाई, हाशिमभाऊ. अपोआप झालं."

मागं त्यांचे मालक उभे होते, उत्तमराव. गळ्याभोवती पांढरा रुमाल. मी खुर्चीतून उठलो. वसमतमध्ये माझ्या वयाच्या कोणाला उत्तमराव कोण हे सांगावं लागत नाही, पण बाहेरच्याला सांगायला हवं. ते मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, हळदीचं बीट पुकारायचे. बीट म्हणजे लिलाव. ढिगाभोवती व्यापारी उभे राहणार, उत्तमराव भाव चढवत चढवत नेणार आणि शेवटी "एक बार, दोन बार, तीन बार" म्हणून सौदा मिटवणार. माझे अब्बा तिथंच मापाडी होते. ते म्हणायचे, उत्तमनं तीन बार म्हटलं की मग कोणाची तोंड उघडायची टाप नाही. त्या आवाजाला भोंगा कधी लागला नाही. पुढं घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं आणि गळ्याला श्वासापुरतं भोक ठेवलं. मोंढ्यात आता दुसरा माणूस पुकारतो, भोंगा लावून.

उत्तमरावांनी हात उंचावला. ओठ हलले, आवाज नाही.

"जय भीम, काका. बसा," मी म्हणालो.

लॅपटॉप उघडला तर बटणांवर कागदाचे बारके तुकडे चिकटपट्टीनं डकवलेले. प्रत्येकावर निळ्या शाईनं एकेक शब्द. चहा. पाणी. गोळी. भाकर. लाईट गेली. जय भीम. ऐकतीस का. एका तुकड्यावरचं अक्षर घासून घासून पार उडालं होतं.

"हे काय होतं?" मी विचारलं.

"काहून," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "दिवसभर तेच दाबत होते. मी काई बी म्हनो, ह्यांचं आपलं काहून, कशापायी."

उत्तमराव हसले. त्यांचं हसणं म्हणजे आता रुमालातून येणारी नुसती हवा.

मग लक्ष्मीबाईंनी सगळं सांगितलं. त्यांची मुलगी पल्लवी पुण्याला नोकरी करते. ऑपरेशनच्या आधी ती रजा काढून आली, बापाला समोर बसवलं आणि एकेक शब्द त्यांच्याच आवाजात या लॅपटॉपमध्ये भरून घेतला. तिच्या एका मैत्रिणीनं छोटासा प्रोग्राम लिहून दिला. बटण दाबलं की तो शब्द उत्तमरावांच्या आवाजात बाहेर येणार. लिहायला उत्तमरावांना येतं, त्यांच्या पिशवीत पाटी-पेन्सिल कायम असते. पण ती पाटी माझ्यासारख्यांसाठी. लक्ष्मीबाईंना वाचता येत नाही. म्हणजे नवरा-बायकोत जे काही बोलणं उरलं होतं ते या यंत्रातून.

सगळ्यात लांब बटणावर, जे खाली आडवं असतं, त्याच्यावर "तीन बार" लिहिलेलं होतं. ते उत्तमरावांनी हट्टानं भरून घेतलं होतं. घरात भांडण लांबलं की ते बटण दाबायचे आणि यंत्र मोंढ्यातल्या आवाजात सौदा मिटवून टाकायचं. मग लक्ष्मीबाईंना पुढं बोलता यायचं नाही, कारण हसू यायचं.

वरच्या कोपऱ्यातल्या बटणावर "न्हाई" होतं. आणि उजवीकडच्या मोठ्या एंटरवर, कारण ते बोटाला अंधारातही सापडतं, पल्लवीनं "व्हय" डकवलं होतं.

मी लॅपटॉप सुरू केला. निळा पडदा आला. वर इंग्रजीत चार ओळी, मधे एक रिकामी चौकट, आणि खाली अक्षर-आकड्यांची एक ओळख, म्हणजे त्या यंत्राचा आयडी. हा पडदा मी ओळखतो. यंत्र म्हणत होतं: आतलं सगळं कुलपात आहे, चावी टाका.

"हे कधीपासून?"

"हे परवापासून. त्याच्या आधी बारीक बारीक डब्बे येत होते, चालू केलं की. एक गेला की दुसरा. ह्यांनी व्हय दाबलं की जायचे. समदे गेले की मंग बोलायला लागायचं."

"आणि डबे कधीपासून?"

लक्ष्मीबाईंनी मालकाकडं बघितलं. "एक दिवस दुपारी पडदाभर मोठं काईतरी आलं. हे वाचत बसले. मी चुलीपासून इचारलं, चहा ठेवू का. ह्यांनी व्हय दाबलं, पर आवाजच आला न्हाई. मी परत इचारलं, घेता का न्हाई घेत? ह्यांनी परत दाबलं. मंग ते बंद झालं अन् गोल गोल फिरत बसलं सांजलोक."

मला हसू आलं. येऊ नये तेव्हा येणारं हसू ही माझी जुनी खोड. नवी आवृत्ती आली आहे, आता टाकू का, असं यंत्रानं विचारलं होतं. नक्की का, असं परत विचारलं होतं. आणि दोन्ही वेळा एंटर म्हणजे होय. मी मजेनं सांगून टाकलं, "मावशी, काका तुमच्या चहाला व्हय म्हणाले आणि यंत्राला वाटलं आपल्यालाच म्हणाले. नवं सॉफ्टवेअर घेतलं त्यानं. त्यात जुन्या प्रोग्रामचं जुळेना, म्हणून ते डबे. आणि परवा त्या अपग्रेडचा उरलेला भाग चढला तेव्हा यंत्राला वाटलं घरात कोणी परका शिरला, म्हणून हे कुलूप."

लक्ष्मीबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"म्हंजे मी चहाचं इचारलं न्हसतं तर झालं न्हसतं."

"तसं नाही हो मावशी."

"तसंच हाय. माझ्यामुळंच झालं."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी हे वाक्य माझ्या काउंटरवर ठेवलं, आणि ज्यानं ठेवलं त्याचा काडीचा दोष नव्हता. उत्तमराव जोरजोरात मान हलवत होते, पण लक्ष्मीबाई त्यांच्याकडं बघतच नव्हत्या.

मी लॅपटॉप ठेवून घेतला. सेटिंग मागं नेऊन बघितलं, अपग्रेड उलटवून बघितलं, दुसऱ्या मशीनला लावून आतली फाईल दिसते का ते बघितलं. दिसत होतं ते नुसतं भुसकट. नांदेडच्या, हैदराबादच्या ओळखीच्या लोकांना फोन केले, पुण्याच्या डेटा काढून देणाऱ्यांना विचारलं. सगळ्यांचं एकच, चावी आणा. अठ्ठेचाळीस आकड्यांची ती चावी. अंदाजानं टाकत बसलो तर माझी नातवंडंही म्हातारी होतील.

पल्लवीला फोन लावला. "दुसरीकडं कुठं कॉपी आहे का, बेटा?"

ती म्हणाली, "करणार होते, दादा. ऑपरेशनची तारीखच अलीकडं आली. मग राहूनच गेलं."

"दुसरं काही? लग्नाचं शूटिंग, मोबाईलवरचा व्हिडिओ?"

"माझ्या लग्नाच्या शूटिंगमध्ये बँडच वाजतोय नुसता. बाबांचा आवाज एवढा सगळीकडं होता की कोणी भरून ठेवलाच नाही."

तेवढ्यात लक्ष्मीबाई विचारायला आल्या. त्या रोज यायला लागल्या होत्या. कधी उत्तमराव सोबत असत, कधी नसत. मी म्हणालो, "मावशी, तोवर दुसरी सोय करू." आणि माझ्या मोबाईलवर मराठी बोलणारं एक ॲप लावलं. लिहिलेलं वाचून दाखवतं ते. मी लिहिलं, चहा दे. मोबाईल अगदी बातम्या दिल्यासारखा शुद्ध बोलला.

लक्ष्मीबाईंनी पदर सावरला. "हा कोन मानूस?"

"कोणी नाही, यंत्र आहे."

"परका बाप्या मला घरात चहा मागनार अन् मी उठून देनार? माझं मन व्हईल का?"

"मग खुणा करा. काकांनी हात दाखवला की तुम्हाला कळेलच."

"कळतं की. समोर असले की समदं कळतं. पर मी चुलीपाशी असते भाऊ, माझी पाठ असते ह्यांच्याकडं. टाळ्या वाजवत्यात मग. आयुष्यभर ऐकतीस का म्हनले, अन् आता टाळ्या. अन् मी चहाचं इचारनं सोडलंय. कप भरून समोर ठेवते अन् जाते."

मी त्यांना कुलपाची गोष्ट नीट समजावून सांगितली. लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला तेव्हा त्याला एक खातं लागतं, ईमेलचं. ते खातं ज्यानं उघडलं त्याच्या खात्यात यंत्रानं आपली चावी गुपचूप पाठवून दिलेली असते. लक्ष्मीबाईंनी लगेच धरलं. "मंग खातं कोनाच्या नावानं हाय?"

पल्लवीला माहीत नव्हतं. लॅपटॉप तिनं वसमतमधूनच घेतला होता, मुन्नाच्या दुकानातून, आणि त्यानं सगळं घालून चालू करूनच दिला होता. मुन्नाचं नाव ऐकलं आणि मी कपाळावर हात मारला. मुन्नाचं दुकान बंद पडून काळ झाला, पण त्याची पद्धत मला ठाऊक होती. आमच्या भागातल्या निम्म्या दुकानांची तीच. गिऱ्हाइकाला ईमेल विचारलं तर ते म्हणतं, ते काय असतं? मग कोण समजावत बसणार? दुकानदार मनानंच एक खातं बनवतो, आपल्याच दुकानाचा नंबर टाकतो आणि तेच खातं गावभरच्या मशिनींना लावत सुटतो. गिऱ्हाईक खूश, दुकानदार मोकळा. चावी कुठं गेली हे दोघांनाही माहीत नसतं.

मुन्ना आता हैदराबादला गाड्यांचे सुटे भाग विकतो. फोनवर खुशीत होता. "अरे हाशिमभाई, सबकू एकीच मेल लगाता था मैं. पासवर्ड बी एकीच." त्यानं दोन्ही धडाधड सांगितलं. मी तिथल्या तिथं टाकलं. पासवर्ड बरोबर निघाला.

पण खात्यानं पुढं विचारलं, ओळख पटवा, नोंदवलेल्या मोबाईलवर ओटीपी पाठवतो. नोंदवलेला मोबाईल म्हणजे मुन्नाच्या जुन्या दुकानाचा नंबर. दुकान बंद झालं तेव्हा मुन्नानं ते सिम टाकून दिलं होतं. मी तो नंबर लावून बघितला. वाजला. कंपनीनं तो दुसऱ्या कोणाला देऊन टाकला होता, आणि फोन एका बाईनं उचलला.

"सलाम बाजी," मी म्हणालो, "आपके मोबाईलपे एक ओटीपी आएगा, वो जरा..."

"ओटीपी मांगता? शरम नै आती?" आणि फोन कट. पुन्हा लावला तर लागेचना. मला तिनं ब्लॉक केलं होतं. तिची काय चूक? कोणालाही फोन लावला की आधी तेच ऐकायला मिळतं, ओटीपी कोणाला सांगू नका. सगळा देश जे शिकला ते ती बाई बरोबर शिकली होती.

लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या फोनवरून तोच नंबर लावला. दोघी बराच वेळ बोलल्या. एक मराठीत, एक दखनीत. शेवटी लक्ष्मीबाई म्हणाल्या, "जवळा बाजारची हाय. बांगड्याचं दुकान लावते आठवडी बाजारात. अजरा नाव हाय. फोनवर सांगनार न्हाई म्हनली, तोंड दाखवा म्हनली. जाऊ."

गेलो. बाजाराच्या दिवशी मी दुकानाला कुलूप लावलं आणि आम्ही दोघं एसटीनं जवळा बाजारला उतरलो. उत्तमराव आले नाहीत, गर्दीच्या धुळीत त्यांना श्वास लागतो. बाजाराच्या एका कडेला ताडपत्रीखाली अजराबाजी बसल्या होत्या, पुढं बांगड्यांच्या रांगा. त्यांनी मला खालून वरपर्यंत बघितलं. मग लक्ष्मीबाईंकडं वळल्या.

"बोलो माँ. क्या हुआ?"

लक्ष्मीबाईंनी सांगितलं. गाठ, ऑपरेशन, बटणं, चहा. चहाचं सांगताना त्यांचा आवाज फाटला. "माझ्या एका शब्दापायी गेलं हो," त्या म्हणाल्या. अजराबाजींनी कमरेच्या पिशवीतून मोबाईल काढून सरळ माझ्या हातात ठेवला.

"तुमीच पढो. मेरेकू पढने नै आता. फोनपे पूछते तो बी मैं क्या बताती?"

इतकं सगळं झाल्यावर मला हसू आणि रडू दोन्ही आलं. मी माझ्या मोबाईलवर खातं उघडलं, ओटीपी मागवला. नेटवर्क रडतखडत चालत होतं. अजराबाजींचा मोबाईल वाजला, मी आकडे टाकले. खातं उघडलं. मी चाव्यांचं पान काढलं.

पान भरून चाव्या. खाली सरकवलं, अजून चाव्या. मुन्नानं वसमतभर विकलेल्या एकेका मशिनीची चावी, समोर ओळख, शेजारी अठ्ठेचाळीस आकडे.

लक्ष्मीबाई माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. वाचता येत नव्हतं, पण ओळी दिसत होत्या. "येवढ्या चाव्या? मंग हाय की, भाऊ. हाय की."

"असेल," मी म्हणालो. तेव्हा मला खरंच वाटलं होतं की असेल. निळ्या पडद्यावरच्या ओळखीचा फोटो मी काढून आणला होता. एकेक ओळ जुळवायला लागलो. वरून खाली आलो. मग खालून वर गेलो. मग लक्ष्मीबाईंना वाटू नये म्हणून पुन्हा एकदा वरून खाली आलो, उगाच, सावकाश.

"न्हाई का?" त्यांनी विचारलं.

"यात आपली नाही, मावशी."

"नीट बगा."

"बघितलं."

गावातल्या सगळ्यांच्या चाव्या होत्या, ज्यांना त्या कधी लागणार नव्हत्या. मी तिथूनच मुन्नाला फोन लावला. तो आठवत राहिला. "कबी कबी वो मेल चलताच नै था, भाई. गिऱ्हाईक खडा रहता था. तो दुसरा कुछ बी नाम का बना देता था. अब नाम कौन याद रखता?"

मी त्याला तोंडाला येईल ते बोललो. भर बाजारात, बायाबापड्यांसमोर. तो ऐकून घेत राहिला आणि शेवटी म्हणाला, "मेरेकू क्या मालूम था भाई, के उसमें किसीकी आवाज रहती." मी फोन ठेवला. अजराबाजींनी लक्ष्मीबाईंचा हात हातात घेतला होता, बांगड्या भरताना घेतात तसा, आणि त्या तो नुसता धरून बसल्या होत्या.

परतीच्या एसटीत लक्ष्मीबाईंनी एकदाच विचारलं, "पर आवाज आत हाय ना अजून?"

"आहे."

"बंद हाय, पर हाय."

"हो मावशी." खोटं नव्हतं. पण ते सांगायला नको होतं असं मला नंतर वाटलं.

कारण त्या मग लॅपटॉप घरी घेऊन गेल्या आणि त्याला धरूनच बसल्या. हे मला उत्तमरावांकडून कळलं, पाटीवर. ते एकटेच दुकानात आले आणि लिहून दाखवलं, पुसून पुन्हा लिहून दाखवलं. ती दिवसभर ते चालू करते. निळा पडदा येतो. बटणं दाबत बसते, झाकणाला कान लावते. जेवत नाही धड. मी काय करणार, तिच्यासमोर हात जोडतो, तर ती म्हणते, माझ्यामुळं, माझ्यामुळं. मी वाचत होतो आणि मला आतून चीड येत होती, कोणावर ते कळत नव्हतं. जन्मभर ज्या माणसानं दोन शब्दांत शंभर लोकांचा गोंगाट मिटवला, त्याला आपल्या बायकोला तुझी चूक नाही एवढं सांगता येत नव्हतं. तेही माझ्यामार्फत सांगावं लागत होतं, आणि मी सांगून तिला पटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघं आले. लॅपटॉप काउंटरवर आला. उत्तमरावांनी पाटी काढली, लिहिलं आणि माझ्याकडं फिरवली.

"हे हाय तवर हिला सुटका न्हाई. पूस."

मी म्हणालो, "काका, आवाज आत आहे अजून. उद्या काही निघालं, नवा मार्ग..."

त्यांनी खाली लिहिलं: "निगल का?"

मी मान खाली घातली. मला खोटं बोलता आलं असतं. गिऱ्हाइकांशी रोज बोलतो.

"काय लिव्हलं?" लक्ष्मीबाईंनी विचारलं.

वरची ओळ वाचून दाखवायची माझी हिंमत झाली नाही. "पुसून टाका म्हणतात. सगळं नवं घालून घ्या म्हणतात."

"न्हाई." त्यांनी लॅपटॉपवर हात ठेवला. "मी न्हाई पुसू देनार."

उत्तमरावांचं बोट सवयीनं त्या अक्षर उडालेल्या बटणावर गेलं. काहून. यंत्र गप्प.

"काहून म्हंजे? तुमचा आवाज हाय आत. मी घालवला तो. मी घालवला तर मीच सांभाळनार. पुसायचा तुमाला काय अधिकार?" त्या बोलत सुटल्या. इतके दिवस साठलेलं सगळं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्या त्यांच्याशी भांडल्या होत्या, गोळ्यांवरून भांडल्या होत्या, चहाचं दोनदा विचारलं होतं, एकदाच विचारलं असतं तर. दुकानात एक गिऱ्हाईक आलं होतं, ते दारातूनच मागं फिरलं.

उत्तमरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग हाताची मूठ केली आणि काउंटरच्या फळीवर सांध्यांनी ठोका मारला. थांबले. दुसरा मारला. लक्ष्मीबाई बोलायच्या थांबल्या. त्यांच्या ओठांवर ते जुनं हसू येईल असं मला क्षणभर वाटलं, पण ते आलं नाही. तिसरा ठोका पडला. सौदा मिटला.

लक्ष्मीबाईंनी लॅपटॉपवरचा हात काढून घेतला आणि दाराकडं तोंड करून रस्त्याकडं बघत उभ्या राहिल्या.

मी पुसायचा पडदा काढला. सगळं कायमचं जाईल, पुढं जाऊ का, असं यंत्रानं विचारलं. ते बटण दाबायचं माझ्यानं झालं नाही. मी लॅपटॉप उत्तमरावांकडं फिरवला. त्यांनी वाचलं, पल्लवीनं लिहिलेल्या त्या निळ्या अक्षरावर बोट ठेवलं आणि व्हय दाबलं. नक्की का, असं त्यानं परत विचारलं. त्यांनी परत दाबलं. पडद्यावर एक टक्का आला, दोन टक्के आले.

मला रडू आलं. मी स्क्रू शोधत असल्यासारखा खाली वाकलो.

पलीकडच्या टपरीवर स्टोव्ह फरफरत होता. लक्ष्मीबाई तशाच पाठमोऱ्या उभ्या होत्या. मग न वळता, चुलीपाशी बसून विचारावं तशा त्या म्हणाल्या, "चहा घेता का?"

विचारणं सोडल्यापासून पहिल्यांदा विचारलं होतं त्यांनी. उत्तमरावांचं बोट व्हयवरच होतं. त्यांनी दाबलं. टक् झालं, तेवढंच.

लक्ष्मीबाई वळल्या नाहीत. वाट बघत राहिल्या. मला ते बघवेना.

"व्हय म्हणाले, मावशी," मी सांगितलं.

"हा तुमचा आवाज हाय, भाऊ," त्या म्हणाल्या आणि चहा सांगायला रस्ता ओलांडून गेल्या.